बंगळूरचे चार दिवस आणि एक काळी काच

गेल्या माघ महिन्यात मला बंगळूरास जाण्याचा योग आला. त्या शहराविषयी आता नवे लिहिण्याजोगे काय उरले आहे, असे कोणी विचारील, आणि ते रास्तही आहे. लालबाग, विधानसौध, टिपूचा वाडा यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. मी यांपैकी काहीच पाहिले नाही. मी जे पाहिले ते नखाएवढ्या काचेवर मावणारे होते, आणि तेही नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. तथापि ते पाहून मी जो परत आलो तो गेलो होतो तसाच राहिलो नाही; म्हणून हे चार शब्द.

जाण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. आमचे घर सांगलीस. तिघा भावांचे एकत्र कुटुंब. वयामुळे वडीलकीचा मान माझ्याकडे आलेला. मधल्या बंधूची कन्या चि. वसुधा ही एम.एस्सी. होऊन तीन वर्षांपूर्वी बंगळूरच्या एका संशोधनशाळेत पीएच.डी.करिता गेली. शिष्यवृत्ती मिळते, तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न निराळाच होता. मार्गशीर्षात तिच्याकरिता एक स्थळ सांगून आले. मुलगा सुशिक्षित, माणसे सालस, घर पुण्याचे; परंतु त्यांचे म्हणणे असे पडले की, लग्न वैशाखात व्हावे आणि मुलीने पुण्यास येऊन राहावे. वसुधेचे काम संपावयास आणखी दोन वर्षे तरी हवीत. "इतक्यात नको," एवढेच तिने फोनवर सांगितले. झाले! घरात रोज तीच चर्चा. बंधू म्हणे, "तीन वर्षे ही पोरगी दोन काचांच्या मध्ये काहीतरी वितळवते आणि निववते. विचारले तर म्हणते, अजून जमले नाही. न जमणाऱ्या गोष्टीपायी चांगले स्थळ हातचे घालवायचे काय?" अखेर असे ठरले की, अण्णांनी, म्हणजे मी, जाऊन समक्ष पाहावे आणि ते सांगतील ते सर्वांनी मानावे.

हा निर्णय माझ्या गळ्यात पडल्याने मला फार जड वाटले. जुन्या अकरावीची मॅट्रिक झाल्यावर पुण्यास राहून शास्त्र्यांपाशी न्यायशास्त्र शिकावे, अशी माझी उत्कट इच्छा होती. वडिलांनी एके दिवशी विचारले, "ते शिकून पुढे काय?" मला उत्तर देता आले नाही. यथाकाल मी शिक्षकाच्या नोकरीत शिरलो. संस्कृत जे काही आले ते गावातल्या एका शास्त्रीबोवांच्या ओटीवर, शाळा सुटल्यावर. वडिलांचे चुकले असे मी म्हणत नाही. घरात खाणारी तोंडे नऊ होती. परंतु आता तोच प्रश्न घेऊन मी निघालो होतो, आणि विचारणाराच्या जागी मी होतो.

मिरजेस दुपारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलो. बेळगावास दिवेलागण झाली. धारवाड, हुबळी रात्रीच्या पोटात गेली, आणि सकाळी यशवंतपूर स्थानकावर उतरलो तो वसुधा समोर उभी. पूर्वीपेक्षा वाळलेली दिसली. नमस्कार करून पिशवी हातातून काढून घेतली आणि पहिलेच वाक्य बोलली ते हे, "अण्णाकाका, बाबांनी तुम्हांला मला न्यायला पाठवले आहे ना?" मी म्हणालो, "पाहायला पाठवले आहे. न्यायचे की नाही ते पाहिल्यावर." ती हसली नाही.

मुक्काम मल्लेश्वरमास एका दूरच्या आप्तांकडे होता. तो भाग अद्याप जुन्या वळणाचा आहे. आठव्या क्रॉसवरील बाजारात सकाळी फुलांचे ढीग, कर्दळीची पाने, भिजलेल्या मातीचा वास आणि देवळातून येणारा घंटानाद. मला क्षणभर आमच्या गणपतीच्या देवळापुढे उभे असल्यासारखे वाटले.

पहिल्या दिवशी वसुधेने मला आपल्या प्रयोगशाळेत नेले नाही. म्हणाली, "आधी जिथून हे सुरू झाले ते पाहा, म्हणजे माझे वेड कळेल." परवानगी तिने आधीच काढून ठेवली होती. मल्लेश्वरमापासून जवळच, सदाशिवनगरास, रामन संशोधन संस्था आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नोकरीतून निवृत्त होण्याच्या सुमारास, १९४८ साली, म्हैसूरच्या महाराजांकडून मिळालेल्या जागेवर ही संस्था उभी केली. आवारात उंच झाडे, दगडी भिंती आणि शांतता. २१ नोव्हेंबर १९७० रोजी रामन येथेच निवर्तले, आणि त्यांचे दहनही त्यांच्या इच्छेप्रमाणे याच आवारात झाले. त्या जागी समाधी नाही, पुतळा नाही; एक झाड आहे. मी चपला काढून दोन मिनिटे उभा राहिलो.

रामन यांचे नाव आपल्याला ठाऊक असते. त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर, ज्यांना ताऱ्यांवरील कार्याबद्दल १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांचेही ठाऊक असते. परंतु रामन यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांचे नाव मी त्या दिवसापर्यंत ऐकले नव्हते, हे मला, छत्तीस वर्षे मुलांना शिकविलेल्या मास्तराला, कबूल करणे भाग आहे. यांचा जन्म १९३०चा. म्हैसूर विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे अध्यापन करून १९७१ साली ते मामांच्या या संस्थेत आले आणि द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा त्यांनी येथे स्थापिली.

द्रवस्फटिक म्हणजे काय, हे मला वसुधेने त्या झाडांखालच्या बाकावर बसून सांगितले. घन पदार्थात रेणू रांगेत जखडलेले असतात. द्रवात ते वाटेल तसे हिंडतात. या दोहोंच्या मधली एक अवस्था काही पदार्थांत असते. ते वाहतात द्रवासारखे, पण आतले रेणू मात्र काही शिस्त पाळून असतात. १८८८ साली प्राग येथील फ्रीडरिश राइनित्सर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने गाजरापासून काढलेल्या कोलेस्टेरॉलचा एक संयुग पदार्थ तापविला. तो सुमारे १४५ अंशांवर वितळला, पण गढूळ; आणि सुमारे १७९ अंशांवर पुन्हा एकाएकी स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला दोन वितळबिंदू! त्या गढूळ अवस्थेतच ही मधली शिस्त होती. आज आपल्या भिंतीवरील दूरदर्शन संचापासून हिशेबाच्या यंत्रापर्यंत ज्या पडद्यांत आकडे उमटतात, त्यांच्या मुळाशी हीच अवस्था आहे.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षे सर्वांचा समज असा की, ही अवस्था यावयास रेणू काडीसारखा लांबट हवा. काड्या कशा, एका दिशेला तोंड करून ओळीने राहू शकतात. चंद्रशेखर यांनी उलट विचार केला: रेणू चकतीसारखा चपटा असला तर? त्यांनी बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश या सहकाऱ्यांसह असे रेणू घेऊन पाहिले. मध्यभागी बेंझिनचे चपटे कडे आणि त्याच्या सहा कोपऱ्यांना सहा लांब, लवचीक शेपट्या. क्ष-किरणांखाली दिसले ते असे की, त्या चकत्या एकीवर एक बसून त्यांचे स्तंभ झाले आहेत, आणि ते स्तंभ मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी मांडणीने उभे आहेत. कोणी रचले नाही. पदार्थ तापवून निवविला, आणि ते आपण होऊन तसे बसले. १९७७ साली हा शोध त्यांनी प्रसिद्ध केला तो परदेशी नियतकालिकात नव्हे, तर बंगळूरातूनच निघणाऱ्या 'प्रमाण' या नियतकालिकात. पुढे जगभर असे हजारो पदार्थ तयार झाले. १९९१ साली चंद्रशेखरांनी जालहळ्ळीस द्रवस्फटिकांचे एक स्वतंत्र केंद्र काढले. त्याचे नाव आता नॅनो व मृदू पदार्थ विज्ञान केंद्र असे आहे. २००४ साली ते याच शहरात वारले.

'प्रमाण' हे नाव ऐकून मला अंतर्यामी काय वाटले ते कसे सांगावे? ज्या शब्दाच्या चार प्रकारांवर मी उभ्या जन्मात दोन-तीन पुस्तके कशीबशी वाचू शकलो, त्याच नावाच्या कागदावर हे छापले गेले होते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा. वसुधेच्या मार्गदर्शिका बाईंनी माझे आगत केले, चहा दिला आणि त्या कामाला निघून गेल्या. वसुधेने मला पांढरा अंगरखा घालावयास लावला. टेबलावर एक सूक्ष्मदर्शक होता. त्याच्या खाली एक लहानशी पेटी, जिचे तापमान अंशाच्या दहाव्या हिश्शापर्यंत कमीअधिक करता येते. पेटीत दोन काचा, एकीवर एक. त्यांमध्ये केवळ दहा मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी फट. काचांच्या आतल्या बाजूस विजेचे वहन करणारा पारदर्शक लेप. काचेच्या कडेला पदार्थाचा कण ठेवून वितळविला की तो वातीत तेल चढावे तसा आपण होऊन त्या फटीत ओढला जातो.

"हा जुना, सर्वांना ठाऊक असलेला पदार्थ आहे," ती म्हणाली. "ट्रायफेनिलीनची चकती, तिला सहा शेपट्या, प्रत्येक शेपटीत कार्बनचे सहा अणू. सुमारे सत्तर अंशांपर्यंत हा घन, शंभराच्या वर निखळ द्रव, आणि मधल्या तीस अंशांत द्रवस्फटिक. माझा पदार्थ याचाच चुलतभाऊ; एक शेपटी मी बदलली आहे. आता माझा पाहा."

मी डोळा लावला. प्रथम सर्वत्र काळोख. पदार्थ अजून द्रव होता. तिने तापमान उतरविण्यास आरंभ केला. मिनिटाला एक अंशदेखील नाही, त्याहून सावकाश. मी कंटाळून मान काढणार तोच त्या काळोखात एक ठिपका उमटला, त्याला पाकळ्या फुटल्या, नेच्याच्या पानासारख्या शाखा निघाल्या, आणि पाहता पाहता सारे क्षेत्र निळ्या, सोनेरी, जांभळ्या पंख्यांनी भरून गेले. मोराने पिसारा पसरावा तसे! माझ्या तोंडून "वाहवा!" निघाले. "अगं, हे जमले नाही असे कोण म्हणतो?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अण्णाकाका, हे रंग म्हणजेच माझे अपयश."

तिने समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत देतो. या चकत्यांची चवड म्हणजे केवळ शोभा नव्हे. चकतीच्या मधल्या भागात काही इलेक्ट्रॉन असे असतात की ते कोणा एका अणूला बांधलेले नसून चकतीच्या वरखाली पसरलेले असतात. दोन चकत्यांमधील अंतर अवघे साडेतीन अँगस्ट्रॉम, म्हणजे नॅनोमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक. इतक्या सलगीने वरची खालचीवर बसली की एकीचा इलेक्ट्रॉनमेघ दुसरीच्या मेघात मिसळतो आणि विद्युद्भार एकीवरून दुसरीवर उडी घेऊ शकतो. भोवतीच्या शेपट्या मात्र वीज वाहून नेत नाहीत. म्हणजे प्रत्येक स्तंभ ही एक तार झाली: मध्ये वाहक, भोवती वेष्टन, आणि जाडी सुमारे दोन नॅनोमीटर. एवढी बारीक तार ओढणारे यंत्र जगात कोणी करू शकले नसते. ही आपली आपणच होते. इंग्लंडातील लीड्स येथे १९८८च्या सुमारास अशा पदार्थात थोडे अन्य द्रव्य मिसळून मोजले, तेव्हा स्तंभाच्या लांबीतून वीज आडव्या दिशेपेक्षा सुमारे हजारपट सुलभतेने वाहते असे आढळले.

"पण तार उभी पाहिजे," वसुधा म्हणाली. "एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत सरळ. आडवी लोळली की या काचेवरचा भार त्या काचेला पोचतच नाही. आणि उभ्या स्तंभांकडे ध्रुवित प्रकाशात वरून पाहिले की काय दिसते ठाऊक आहे? काही नाही. काळे. रंग दिसतात ते स्तंभ आडवेतिडवे लोळले आहेत म्हणून. मला काळी काच हवी आहे, अण्णाकाका, आणि दीड वर्ष झाले, मला रंगच मिळतात."

मग तिने तो जुना पदार्थ पेटीत ठेवला आणि तसाच सावकाश निवविला. या वेळी पाकळ्या उमटल्या त्या काळ्याच; तुरळक रंगीत रेषा सोडल्या तर सारे क्षेत्र काळे राहिले. तेच उत्तम होते! जे पाहून मी वाहवा केली ते टाकाऊ, आणि ज्यात मला काही दिसलेच नसते ते कमावलेले. छत्तीस वर्षे परीक्षेचे पेपर तपासणाऱ्याला हा धडा वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मिळाला.

त्या काळ्या काचेवर तिने भारवहनाचे मापन करून दाखविले. एका काचेच्या बाजूने प्रकाशाचा अतिक्षणिक झोत सोडावयाचा. त्याने त्या बाजूस विद्युद्भार सुटे होतात. दोन्ही काचांना वीजदाब लाविलेला असतोच. त्याने ते भार स्तंभामधून पलीकडे ओढले जातात. पलीकडे पोचेपर्यंत प्रवाह टिकतो, पोचताच पडतो. तो पडण्याचा क्षण पडद्यावरील रेषेत वाकण दिसून कळतो. अंतर ठाऊक, वेळ ठाऊक; त्रैराशिक मांडले की वेग निघतो.

त्रैराशिक म्हटल्यावर मला राहवेना. मी खिशातील वही काढली. दहा मायक्रोमीटरच्या फटीत, साडेतीन अँगस्ट्रॉम अंतराने, एका स्तंभात सुमारे २८,५०० चकत्या बसतात. वसुधा म्हणाली, "वीस व्होल्ट धरा, आणि या जातीच्या पदार्थातील भाराची चलनशीलता त्यांच्या एककात एक सहस्रांश धरा." हिशेब केला तो भाराचा वेग सेकंदाला वीस सेंटिमीटर आला, रांगणाऱ्या मुलाइतका, आणि पलीकडे जाण्यास लागणारा वेळ पन्नास मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा वीस हजारावा भाग. तेवढ्यात २८,५०० हात बदलावयाचे, म्हणजे दर हाताला सरासरी पावणेदोन अब्जांश सेकंद. वास्तविक भार कधी मागेही उडी घेतो, कधी अडून राहतो. हे सरासरीचे गणित. तरी आकडा पाहून मी वही तशीच धरून बसलो.

"हा वेग थोडा की फार?" मी विचारले.

"थोडा. आपल्या यंत्रांतील सिलिकॉनच्या स्फटिकात हीच चलनशीलता चौदाशेच्या आसपास असते. १९९४ साली बायरॉइट व माइन्त्स येथील जर्मन शास्त्रज्ञांनी चकत्या अधिक शिस्तीने बसणारा एक पदार्थ घेतला आणि एक दशांशापर्यंत मजल मारली, म्हणजे या पदार्थाच्या शंभरपट. चकत्या जितक्या नीट बसतील तितका भार मोकळा जातो. पण सिलिकॉनला भट्टीची दीड हजार अंशांच्या आसपासची आग लागते. हे शंभर अंशांत वितळते, रंगासारखे पसरता येते, आणि मुख्य म्हणजे चुकले तर सुधारते." २००१ साली केंब्रिज व माइन्त्स येथील मंडळींनी अशाच चकत्यांचा थर देऊन सूर्यप्रकाशापासून वीज करणारा घट बनविला होता, असेही तिने सांगितले. रामन संस्थेतच सोन्याचे अतिसूक्ष्म कण या स्तंभांच्या गर्दीत मिसळून वाहकता वाढविण्याचे प्रयोग झाले आहेत.

"चुकले तर सुधारते म्हणजे?"

"एका स्तंभातली एकच चकती कलली किंवा जागेवर नसली, की भार तिथे अडतो. वरच्या हजारो आणि खालच्या हजारो चकत्या नीट असूनही उपयोग शून्य. बाजूने जायला वाट नाही. घन स्फटिकात अशी चीर पडली की पडली. पण हे अजून थोडेसे द्रव असते. चकत्या हलत असतात. ऊब दिली आणि वेळ दिला तर कललेली चकती पुन्हा जागेवर येते."

त्या रात्री मल्लेश्वरमास मला झोप लागेना. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीसाठी जी अनुमाने दिली आहेत त्यांत 'आयोजन' हे एक आहे. परमाणू अचेतन; ते एकमेकांस येऊन मिळतील कसे? मिळविणारा कोणी चेतन असलाच पाहिजे. उलट सांख्यांचा दृष्टांत असा की, वासराच्या पोषणासाठी गाईचे दूध अचेतन असूनही वाहू लागते. शास्त्रीबोवांच्या ओटीवर या वादात मी सदैव न्यायाच्या बाजूने बोलत असे. रचना दिसली की रचणारा आहेच! घराच्या बाबतीतही माझी तीच समजूत; आमचे घर नीट चालते, कारण वडीलधारा मी ते चालवितो.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही सँकी तलावाच्या काठी बसलो होतो. मी तिला हा जुना वाद सांगितला. ती म्हणाली, "ईश्वराचे मला समजत नाही, अण्णाकाका. पण इतके समजते की रेणूचा आकार आम्ही घडवतो. चकती कसली, शेपट्या केवढ्या, हे आमचे. एकदा तो घडला की मग एकेकाला चिमट्यात धरून रांगेत बसवता येत नाही. आमच्या हातात उरते ती ऊब आणि सबुरी. घाई केली की रंग."

मला आमच्या घरातील तुपाची आठवण झाली. आमच्या सौभाग्यवतींचे तूप रवाळ होते आणि धाकट्या वहिनींचे होत नाही, याचे एकच कारण: त्या कढविलेले तूप फडक्यात गुंडाळून रात्रभर कोनाड्यात ठेवतात, हात लावू देत नाहीत, धाकट्या वहिनी घाईने ते पाण्याच्या परातीत ठेवतात. रवा कोणी वळीत नाही. तो सावकाश निवण्याने धरतो. इतकी वर्षे ते तूप मी पानात घेतले, पण त्यातली मेख मला परमुलखात येऊन, पोटच्या पोरीसारख्या पुतणीच्या तोंडून कळली.

मग मी तिला सरळ विचारले, "ते स्थळ तुला पसंत नाही काय?"

"मुलाशी मी दोनदा बोलले," ती म्हणाली. "वाईट नाही. दोन वर्षांनी विचारले असते तर हो म्हटले असते. पण आत्ता सोडून गेले, तर हा पदार्थ ज्या कपाटात आहे त्या कपाटातच राहील. दुसऱ्या कुणी करायचा म्हटला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि मला आयुष्यभर वाटत राहील की तो उभा राहिला असता की नाही, हे मला कधी कळलेच नाही."

वडिलांच्या प्रश्नाला मी पन्नास वर्षांपूर्वी जे उत्तर देऊ शकलो नव्हतो ते हेच होते. शिकून पुढे काय, ते कोणास ठाऊक. पण न शिकता राहिलो तर काय होते, ते मला पक्के ठाऊक होते. मी एवढेच म्हणालो, "तू राहा. घरचे मी पाहीन." ती काही बोलली नाही, पदराऐवजी ओढणीने डोळे पुसले आणि समोर पाण्याकडे पाहत राहिली.

चौथ्या दिवशी निघालो. घरी येऊन सर्वांसमक्ष निर्णय सांगितला. वाचकांनी असे समजू नये की यामुळे सर्व आनंदीआनंद झाला. पुण्याच्या मंडळींनी सभ्यपणे नकार कळविला, आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. मधला बंधू माझ्याशी महिनाभर कामापुरते बोलला. "तुम्ही पाहायला गेलात आणि तिच्या बाजूचे होऊन आलात," असे त्याने एकदा जेवताना म्हटले. मी उत्तर दिले नाही. बापाची काळजी हिशेबाच्या वहीने जात नाही. त्याच्या जागी असतो तर मीही तेच म्हटले असते. आपण एकमेकांना घट्ट धरून बसलो म्हणजे घर नीट आहे असे नव्हे. एकाच्या मनातले दुसऱ्यापर्यंत पोचते आहे की मध्ये कोठे अडले आहे, ते पाहिले पाहिजे, हे मात्र मी आता मनाशी धरून आहे. आमच्या घरात ते बंधूच्या व माझ्या दरम्यान अडले होते, आणि तेथे ऊब व वेळ देण्यापलीकडे मला काही करता येण्यासारखे नव्हते.

चैत्रातली गोष्ट. दुपारी घरच्या सर्वांच्या फोनवर वसुधेकडून एक चित्र आले. सगळा चौकोन काळाकुट्ट. फक्त उजव्या कोपऱ्यात नखाएवढी निळसर रेघ. सौभाग्यवती म्हणाल्या, "पोरीचा फोटो निघालाच नाही वाटते." धाकट्या वहिनींनी चष्मा लावून पाहिले आणि त्याही तेच म्हणाल्या. मी उठून उभा राहिलो आणि मोठ्याने "वाहवा!" म्हणालो, तेव्हा सर्वांनी माझ्याकडे चमकून पाहिले.

बंधू काही न बोलता फोन जवळ घेऊन बराच वेळ पाहत होता. मग त्याने कोपऱ्यातल्या त्या निळ्या रेघेवर बोट ठेवले आणि मला विचारले, "अण्णा, हे एवढे राहिलेय. हेही जाईल ना?"

मी वही घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसलो.